उपमा चुकू शकली पाहिजे

दहावीला मराठीच्या पेपरात अलंकाराचा प्रश्न असायचा. एक ओळ द्यायची आणि चार गोष्टी शोधायला सांगायच्या: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. मुख कमळासारखं. मुख हे उपमेय, कमळ हे उपमान, ‘सारखं’ हा साम्यवाचक शब्द. साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, मात्र ओळीत लिहिलेला नसायचा, तो आपण हुडकायचा. आमच्या बाई मार्क कापायच्या ते नेमके त्याच रकान्यात.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी पंचवीसहून अधिक वर्षं पदार्थविज्ञान शिकवते आहे, आणि बाईंचा तो तिसरा रकाना मला अजून रोज लागतो. विज्ञानाचं व्याख्यान ऐकून आलेल्या मुलांना मी विचारते, वक्त्यांनी कोणती उपमा दिली? ती लगेच सांगतात. मग विचारते, साधारण धर्म कोणता? बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो.

हिग्ज बोसॉन या मूलकणाचंच घ्या. २०१२ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत तो कण सापडला आणि त्यानंतर एक दृष्टांत घरोघरी पोचला. समारंभात एखादा मोठा नट शिरतो, त्याच्याभोवती लोक जमतात, त्याला पुढे सरकणं जड जातं. कणांना वस्तुमान मिळतं ते तसंच. ऐकायला छान आहे. पण गर्दीतून चालणाऱ्या माणसाचा वेग कमी होत जातो, आणि अवकाशभर पसरलेल्या हिग्ज क्षेत्रातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग कमी होत नाही. वस्तुमानाचा विरोध वेगाला नसतो, वेगातल्या बदलाला असतो. न्यूटनचा पहिला नियम शाळेत पाठ केलेला मुलगा हा दृष्टांत ऐकून घरी जातो तो वस्तुमान म्हणजे एक प्रकारचं घर्षण आहे असं समजून. त्याची काही चूक नाही. उपमा कुठपर्यंत चालते आणि कुठे मोडते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

पुणं हे ऐकणारं शहर आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ मध्ये, तेव्हापासून आपण ऐकत आलो आहोत. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, आईवडील हौसेने मुलांना घेऊन येतात. मला या शहराचा याबद्दल अभिमान आहे. पण ऐकण्याच्या या सवयीत एक कमतरता राहिली आहे आणि ती आता बोलून दाखवायला हवी. विश्वाच्या जन्माबद्दल, मूलकणांबद्दल आपण जे जे ऐकतो ते सगळं उपमांमधून ऐकतो, आणि त्यातली एकही उपमा आपल्याला तपासता येत नाही. तपासण्यासाठी २७ किलोमीटर परिघाचं यंत्र लागतं, ते जिनिव्हाजवळ जमिनीखाली आहे. मग आपण मान डोलावतो. मान डोलावण्याची सवय लागली की तीच मान पुढे ‘क्वांटम उपचार’ विकणाऱ्यापुढेही डोलते.

माझं म्हणणं असं आहे की मूलकणांच्या भौतिकीतली निदान एक मोठी उपमा अशी आहे जी कॉलेजच्या टेबलावर मांडता येते, डोळ्यांनी बघता येते, मोजता येते आणि मोजताना ती कुठे चुकते तेही कळतं. ती पुण्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या प्रॅक्टिकलमध्ये असली पाहिजे. ती म्हणजे द्रवस्फटिकांमधले दोष.

‘दोष’ हा शब्द ऐकून बिचकू नका. डाव्या हाताचं एक बोट उजेडात धरा आणि त्यावरच्या रेषा बघा. आजी ज्याला शंख म्हणायची तशी आकृती असेल तर एका जागी रेषा वळसा घेऊन माघारी फिरलेल्या दिसतील, आणि थोडं बाजूला, तीन दिशांनी आलेल्या रेषा भेटतात तिथे एक छोटा त्रिकोण दिसेल. या दोन्ही ठिकाणी रेषेला दिशाच नाही. बाकी सगळीकडे ‘इथे रेष कुठे चालली आहे?’ या प्रश्नाला उत्तर आहे, या दोन बिंदूंपाशी नाही. दोष एवढाच.

आता त्या वळशाभोवती पेन्सिलचं टोक एकदा गोल फिरवा आणि रेषेची दिशा कशी बदलते ते बघा. तुम्ही पूर्ण फेरी मारता, रेष अर्धीच फेरी मारते, तुमच्याच दिशेने. त्रिकोणाभोवती फिरा, रेष पुन्हा अर्धी फेरी मारते, पण उलट्या दिशेने. एकाला अधिक अर्धा म्हणू, दुसऱ्याला उणे अर्धा. शंखात एक अधिक आणि एक उणे. चक्र असेल तर मध्यभागी अधिक एक आणि दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण, म्हणजे उणे अर्धा दोनदा. साधी कमान असेल तर दोषच नाही. बोटाच्या कडांपर्यंत पूर्ण ठसा घ्या आणि बेरीज करा, ती शून्यच येते. कोणाच्याही बोटावर. विद्युतभाराची बेरीज कायम राहते हे आपण पाठ करतो, इथे तसाच एक अक्षय्यतेचा नियम बोटावर घेऊन आपण जन्माला आलेलो आहोत. डोक्यावरचा भोवरा हाही असाच एक दोष, पूर्ण फेरीचा. दोन भोवरे असलेल्या मुलाची दोन लग्नं होतात म्हणतात. त्यापेक्षा दोन भोवऱ्यांच्या मध्ये केस कसे तुटक उभे राहतात ते बघावं, तिथे उणे एकचा हिशेब सापडतो.

द्रवस्फटिक म्हणजे अशाच रेषांनी भरलेला द्रव. १८८८ मध्ये प्राग इथे फ्रीड्रिख रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंशांना त्याचा दुधाळ द्रव झाला, १७८.५ अंशांना तो एकदम नितळ झाला. त्याने नमुने ओट्टो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले. पुढे कळलं ते असं की त्या मधल्या अवस्थेत रेणू पाण्यासारखे वाहतात, पण काड्यांसारखे एका दिशेत ओळीनेही राहतात. १९२२ मध्ये जॉर्ज फ्रिडेल याने त्यातल्या सर्वांत साध्या अवस्थेला ‘नेमॅटिक’ म्हटलं. ग्रीकमध्ये नेमा म्हणजे धागा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला जे धागे दिसले ते दोषांच्या रेषा होत्या. एका सबंध अवस्थेला तिच्या दोषांवरून नाव पडलं, हे मला फार आवडतं.

हा विषय परदेशातच राहिला असंही नाही. थाळीच्या आकाराच्या रेणूंचा द्रवस्फटिक जगात पहिल्यांदा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये शोधला आणि ‘प्रमाण’ या आपल्याच नियतकालिकात छापला. भौतिकी शिकवणाऱ्या किती जणांनी हे वर्गात सांगितलं असेल? मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत सांगितलं नव्हतं, कारण मला ठाऊक नव्हतं.

आता प्रयोग. फाइव्ह-सी-बी नावाचा एक द्रवस्फटिक मिळतो. १९७३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने तो तयार केला आणि त्याच कुळातल्या रेणूंवर घड्याळं-कॅल्क्युलेटरचे पडदे उभे राहिले. साधारण २३ ते ३५ अंश सेल्सियस या दरम्यान तो नेमॅटिक असतो, म्हणजे पुण्यातल्या खोलीच्या तापमानाला. त्याचा एक थेंब दोन काचांमध्ये घ्यायचा, वनस्पतिशास्त्र विभागातला साधा मायक्रोस्कोप मागून आणायचा, पोलरॉइडचा, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्टीचा, एक तुकडा खाली आणि एक वर, एकमेकांशी काटकोनात. पोलरॉइड बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरूनही निघतो. वरून मोबाइल धरायचा. काच जराशी गरम केली की सगळं काळं होतं, कारण रेणूंची ओळ मोडते. थंड होऊ दिली की काळोखात उजळ थेंब उगवतात, पावसाचे थेंब अंगणात पडावेत तसे, मोठे होतात, एकमेकांना भिडतात, आणि भिडताक्षणी धाग्यांचं जाळं मागे राहतं. मग धागे आखडतात, वेटोळी लहान होत होत नाहीशी होतात. ठिपक्यांमधून काळे झाडूसारखे पट्टे निघालेले दिसतात. दोन पट्टे असतील तर तो अर्ध्या फेरीचा दोष, चार असतील तर पूर्ण फेरीचा. दोन्ही पोलरॉइड एकत्र फिरवले की काही ठिपक्यांचे पट्टे त्याच दिशेने फिरतात आणि काहींचे उलट्या. अधिक आणि उणे असे डोळ्यांसमोर वेगळे होतात.

एका एप्रिलमध्ये हा प्रयोग आम्ही दुपारी दोनला लावला आणि काहीच दिसेना. सगळं काळं. मुलींनी पोलरॉइड पुसले, दिवा बदलला, थेंब नवा घेतला. मी पण गोंधळले होते. शेवटी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, खोलीच पस्तिसच्या वर आहे.” तिने स्लाइड उचलली आणि व्हरांड्यातल्या माठाला टेकवून धरली. मिनिटभराने आणून पाहिली तर धागेच धागे. अवस्थांतर म्हणजे काय हे त्या वर्गाला त्या दिवसानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

याचा विश्वाशी संबंध कसा आला? टॉम किबल हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले भौतिकशास्त्रज्ञ, जन्म १९३२ चा आणि आपल्या मद्रासचा. १९७६ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की जन्मानंतर विश्व निवत गेलं तेव्हा त्यातही अवस्थांतरं झाली असणार, आणि प्रत्येक अवस्थांतरात क्षेत्रांना अनेक सारख्याच ‘दिशां’पैकी एक निवडावी लागली असणार. पण दूरदूरच्या भागांना आपसात ठरवायला सवड नव्हती, कारण प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही. म्हणून निवडी जुळल्या नाहीत आणि न जुळलेल्या जागी दोष अडकून पडले. त्यांतल्या रेषारूप दोषांना वैश्विक तंतू म्हणतात, बिंदुरूप दोषांमध्ये चुंबकाचे एकाकी ध्रुव येतात.

शाळेच्या मैदानावर हजार मुलं बसवा, प्रत्येकापुढे एक टिपरी ठेवा आणि सांगा, शेजाऱ्याच्या टिपरीला समांतर ठेव. अमुक दिशेला ठेवा असं सांगू नका. इथे-तिथे टोळकी जुळतील, टोळक्यांच्या सीमा भेटतील, आणि एखादी जागा अशी सापडेल की तिच्याभोवती चालत फेरी मारली तर टिपऱ्या हळूहळू वळत वळत अर्ध्या फेरीने फिरलेल्या असतील. टिपरीची दोन्ही टोकं सारखी, म्हणून अर्ध्या फेरीनंतरही ती शेजारणीशी जुळते. बाण असता तर जुळला नसता. पण त्या जागेवर मधोमध बसलेल्या पोराने टिपरी कशी ठेवायची? कशीही ठेवली तरी कोणाशी तरी बिनसतं. आणि गंमत अशी की एकट्याने टिपरी फिरवून हे बिनसणं मिटत नाही, अख्ख्या मैदानाला हलावं लागतं. दोष टिकतो तो या कारणाने. हा झाला टोपॉलॉजीचा, म्हणजे आकारांच्या गणिताचा, अर्थ, आणि हाच तो साधारण धर्म. द्रवस्फटिकात टोळकी जमतात कारण थेंब वेगवेगळे उगवतात. विश्वात जमतात कारण निरोप पोचत नाही. कारणं निराळी, पण ‘आधी ठरवता आलं नाही’ हे दोन्हीकडे सारखं.

इथपर्यंत ही एक देखणी उपमा आहे. तिला मान मिळतो तो पुढच्या गोष्टीमुळे.

१९९१ मध्ये चुआंग, ड्यूरर, ट्यूरॉक आणि यर्क यांनी द्रवस्फटिकातले धागे कसे विरळ होत जातात ते मोजलं. त्यानंतर १९९४ मध्ये बोविक, चंदर, शिफ आणि अजित श्रीवास्तव यांनी थेंब भिडताना किती धागे तयार होतात ते मोजून किबलच्या हिशेबाशी ताडलं. आणि १९९९ मध्ये भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत सनातन दिगल, राजर्षी राय आणि श्रीवास्तव यांनी केलेलं काम तर मला सर्वांत लखलखीत वाटतं. प्रश्न असा: काचेवर एक मोठा चौकोन आखला आणि त्यात दहा हजार दोष आहेत, काही अधिक, काही उणे. अधिकांतून उणे वजा केले तर किती उरतील? नाणी उडवल्यासारखे दोष कुठेही कसेही पडत असतील, तर उरलेली संख्या वर्गमुळाच्या घरात जाईल, म्हणजे शंभराच्या आसपास. पण किबल बरोबर असेल तर ती बेरीज आतल्या दोषांवर ठरतच नाही, ती फक्त चौकोनाच्या कडेवरच्या टोळक्यांवर ठरते. कडेवर टोळकी शंभराच्या घरात, त्यांची आपापली मनमानी म्हणजे शंभराचं वर्गमूळ, दहा, म्हणजेच दहा हजारांचं चौथं मूळ. शंभर की दहा? भुवनेश्वरला मोजलं तेव्हा कल चौथ्या मुळाकडे निघाला, किबलच्या बाजूने. ओडिशातल्या एका प्रयोगशाळेत, मायक्रोस्कोपखालच्या थेंबात, विश्वजन्माच्या एका युक्तिवादाची परीक्षा झाली. तो त्यात नापास होऊ शकला असता.

नापास होण्याची ही शक्यता हाच माझा कळीचा मुद्दा आहे. सर्नच्या आवारात भारताने २००४ मध्ये भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे. सुंदर आहे. पण तिच्यावरून ‘तांडव म्हणजेच कणांचा नाच, आपल्याला हे आधीच ठाऊक होतं’ असं कोणी सभेत म्हटलं की मी विचारते, काय दिसलं असतं तर हे विधान चूक ठरलं असतं? अशी एकही गोष्ट सांगता येत नाही. त्यात साधारण धर्माचा रकानाच रिकामा आहे. अशा साम्याने मन भरून येत असेल, तर येऊ द्यावं, भक्तीचं आणि कवितेचं ते कामच आहे. ज्ञानोबांपासून आपली भाषा दृष्टांतांवर पोसलेली आहे, आणि त्यातला एकही दृष्टांत मला टाकायचा नाही. पण त्याला पुरावा म्हणायचं नाही.

द्रवस्फटिकाची उपमा मोडते कुठे, हे सांगायला मला धागे दाखवण्याइतकाच आनंद होतो. पहिली मोड काळात आहे. द्रवात धागा चिकटपणातून वाट काढतो, त्याची ओढ आणि द्रवाचा विरोध यांचा तोल साधला जातो, म्हणून धाग्यांमधलं अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं आणि धाग्यांची दाटी वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटते. विश्वातल्या तंतूंना असा विरोध नाही, ते प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने धावतील, आणि त्यांची दाटी वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटेल. मोबाइलच्या व्हिडिओवरून ही दाटी मोजणारा विद्यार्थी स्वतःच्या आलेखाचा चढ बघतो आणि त्याला कळतं, हे विश्व नव्हे. दुसरी मोड आणखी खोल आहे. पातळ थरात अधिक अर्धा आणि उणे अर्धा एकमेकांकडे ओढले जातात आणि भेटताच दोघेही नाहीसे होतात, शेवटच्या क्षणी तर झडप घातल्यासारखे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन आठवल्याशिवाय राहत नाहीत. पण थर जाड केला की टिपऱ्यांना उभं राहायला जागा मिळते, आणि मग अधिक अर्ध्याच्या धाग्याला हळूहळू वळवून उणे अर्ध्याचा करता येतो, मध्ये कुठेही न तोडता. त्यांच्यातला भेदच पुसला जातो. पूर्ण फेरीचा दोष तर मधल्या टिपऱ्या उभ्या राहिल्या की विरघळूनच जातो. इलेक्ट्रॉनला असं वळवून पॉझिट्रॉन करता येत नाही. जो विद्यार्थी हे स्वतः पाहतो त्याला ‘इलेक्ट्रॉन म्हणजे एक दोषच’ असं म्हणणाऱ्या उत्साही वक्त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. मराठीच्या बाईंच्या भाषेत, उपमेचं रूपक झालं की त्याला ते खटकतं.

मोडलेली उपमाही वाया जात नाही. १८६७ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी कल्पना मांडली की अणू म्हणजे ईथरमधल्या, सगळीकडे भरलेलं आहे असं तेव्हा मानलं जाणाऱ्या माध्यमातल्या, भोवऱ्यांच्या गाठी, वेगळी गाठ म्हणजे वेगळं मूलद्रव्य. कल्पना साफ चुकली. पण तिच्यापायी पीटर टेट यांनी गाठींची कोष्टकं केली आणि गाठींचं गणित उभं राहायला तिथून चालना मिळाली. २०११ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथल्या गटाने द्रवस्फटिकातल्या दोषरेषांच्या खरोखरीच्या गाठी बांधून दाखवल्या. केल्विन चुकले ते स्पष्ट चुकले, म्हणून पुढच्यांना त्यांच्या चुकीवर पाय ठेवून चढता आलं.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात. पहिला: वैश्विक तंतू सापडलेलेच नाहीत, मग मुलांना त्यांच्याबद्दल कशाला सांगायचं? खरं आहे, सापडलेले नाहीत, आणि विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रारणाच्या, मोजमापांनी दीर्घिका घडवण्याचा मुख्य मान तंतूंकडून केव्हाच काढून घेतला. एकाकी चुंबकध्रुवही सापडलेला नाही. तरी प्रश्न जिवंत आहे, आणि पुण्याला तर तो दारातलाच म्हणायचा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी पल्सार या ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या ठोक्यांमध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा असल्याचं जाहीर केलं, त्यात खोडदची निरीक्षणं होती. त्या लहरी बहुधा प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात. पण ज्या इतर शक्यता तपासल्या जातात त्यांत वैश्विक तंतूही आहेत. विज्ञान दिनाला पुणे जिल्ह्यातली शाळकरी पोरं गाड्या भरभरून खोडदला जातात. त्यांना तिथल्या थाळ्या दाखवताना सोबत एक मायक्रोस्कोप ठेवला तर?

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि अभ्यासक्रमाचा. मोठं विज्ञान मला नकोच आहे असा कोणी अर्थ काढू नये. हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रासाठी केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. पण ते यंत्र चालवणारी, त्यातल्या खुणांचा अर्थ लावणारी मुलं तुमच्या-माझ्या कॉलेजांतून जाणार आहेत, आणि त्यांच्या हाताला आज काय मिळतं? वर्षानुवर्षं तेच प्रयोग, ज्यांचं उत्तर आधीच्या बॅचच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. रीडिंग घेण्याआधी मुलं उत्तर बघतात आणि मग रीडिंग जुळवतात. मी हा प्रयोग नियमित करावा म्हणून लेखी मागणी केली होती. “अभ्यासक्रमात नाही, जर्नलला कुठे बसवणार, एक्स्टर्नल काय विचारणार?” असं उत्तर आलं. अपमान म्हणून मी हे सांगत नाही. उत्तर देणारी व्यक्ती प्रामाणिक होती, तिच्यापुढे चौकटच तशी होती. चौकट बदलण्याची संधी आता आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची आणि चौथ्या वर्षी संशोधनाची वाट उघडली आहे. ते संशोधन इंटरनेटवरून उतरवलेल्या माहितीचं बाड होऊ द्यायचं नसेल तर मुलांना असे प्रश्न हवेत ज्यांचं उत्तर आधीच्या जर्नलमध्ये नाही. द्रवस्फटिकाच्या प्रत्येक थेंबाचं जाळं वेगळं असतं, त्याची नक्कल करून भागत नाही. ग्रॅमभर पदार्थ कित्येक बॅचना पुरतो, मायक्रोस्कोप शेजारच्या विभागात आहे, कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पाषाण रस्त्यावर एका बाजूला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहेत, विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. या संस्थांतल्या माणसांनी वर्षातून एक दिवस शेजारच्या कॉलेजात येऊन मुलांचा थेंब बघितला, तर व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल असं मला मनापासून वाटतं.

आणि जर्नलमध्ये एक रकाना वाढवावा. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, आणि त्याखाली: ‘उपमा कुठे मोडते’. एक्स्टर्नलने व्हायव्हाला तोच रकाना विचारावा. व्याख्यानांनाही हा नियम लावायला काय हरकत आहे? वक्त्याने दृष्टांत द्यावा, टाळ्या घ्याव्यात, आणि शेवटची पाच मिनिटं तो दृष्टांत कुठे फसतो ते सांगावं. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, सहीसकट उत्तर येईल. त्यांना सही देण्यापेक्षा प्रश्न मिळवण्यात रस होता. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा अनेकांनी घरातली ती जुनी कार्डं बाहेर काढली असतील. प्रश्न विचारायला उपमेत फट दिसावी लागते, आणि गुळगुळीत उपमेत ती दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी भुवनेश्वरची मोजणी आपल्या पद्धतीने करून बघायला घेतली. प्रॅक्टिकल संपल्यावर थांबायच्या, स्लाइड हेअर ड्रायरने तापवायच्या, निवताना व्हिडिओ घ्यायच्या, मग एकेक चित्र थांबवून त्यावर पेनाने वर्तुळ आखून अधिक-उणे मोजायच्या. काही ठिपके कोणत्या चिन्हाचे यावर दोघींचं भांडण व्हायचं, म्हणून त्यांनी प्रत्येक चित्र स्वतंत्र मोजायचं आणि नंतर ताडून बघायचं ठरवलं. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. आलेखावरचे बिंदू अजून इतके विखुरलेले आहेत की वर्गमूळ की चौथं मूळ हे ठामपणे म्हणता येत नाही. त्यांनी जर्नलच्या शेवटच्या पानावर तसंच लिहिलं आहे, आणि खाली लागणाऱ्या सामानाची यादी दिली आहे: आणखी व्हिडिओ, थर मोजायची सोय, आणि एप्रिलसाठी एक माठ.